व्हायरस काढला तरी परत येतोय: आधी खाती, मग लॅपटॉप

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरचा विंडोज ११ चा लॅपटॉप. चार-पाच दिवसांपासून स्क्रीनच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात ‘तुमच्या संगणकात पाच व्हायरस सापडले’ अशा सूचना येताहेत. ब्राउझरमध्ये काहीही शोधलं की भलतंच सर्चचं पान उघडतं. विंडोजच्या डिफेंडर या अँटिव्हायरसने एक ट्रोजन, म्हणजे चांगल्याचं सोंग घेतलेला घातक प्रोग्रॅम, पकडला, तो ‘रिमूव्ह’ केला, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच हजर. त्याआधी मुलाने एका गेमचा मॉड (गेममध्ये बदल करणारी, तिऱ्हाईताने बनवलेली फाइल) उतरवला होता आणि त्यासाठी अँटिव्हायरस थोडा वेळ बंद ठेवला होता. मेलचे, बँकेचे सगळे पासवर्ड ब्राउझरमध्ये सेव्ह आहेत. आता फॉरमॅट मारायचा, की चांगलंसं अँटिव्हायरस विकत घ्यायचं?

फॉरमॅटचा विचार नंतर करू. आधी हे शोधायला हवं की त्या मॉडबरोबर आलेली फाइल खरंच चालली का, आणि चालली असेल तर तिच्या हाती काय लागलं. लॅपटॉप पुसून नव्याने उभा करायला एक संध्याकाळ पुरते. मेलचं खातं दुसऱ्याच्या ताब्यात गेलं, तर ते परत मिळवताना नाकीनऊ येतात. माझ्याकडे असे लॅपटॉप घेऊन येणारी बहुतेक माणसं दोन दिवस निरनिराळे स्कॅन करून दमलेली असतात, आणि तोवर एकाही खात्याचा पासवर्ड बदललेला नसतो. क्रम उलटा हवा.

हे वाचताय तोवर एक करा: त्या लॅपटॉपचं वाय-फाय बंद करा. बाहेरची हार्ड डिस्क किंवा पेनड्राइव्ह जोडलेला असेल तर काढून ठेवा. त्या लॅपटॉपवरून कुठेही लॉगिन करू नका, पासवर्ड बदलायलासुद्धा नाही. लॅपटॉप बंद करायची गरज नाही. अपवाद एकच. फाइलींची नावं आपोआप बदलताना दिसली, फोटो उघडेनासे झाले किंवा फोल्डरात खंडणीची चिठ्ठी सापडली, तर पॉवरचं बटण दाबून धरा आणि ताबडतोब बंद करा. ते रॅन्समवेअर असतं, तिथे प्रत्येक मिनिटाला आणखी फाइली कुलुपात जातात. तुमच्या वर्णनात तसं काही दिसत नाही.

आता लक्षणांकडे येते. तुम्ही तिन्ही गोष्टी एकाच रोगाच्या खुणा धरल्या आहेत. मला त्या तीन वेगवेगळ्या भानगडी वाटतात, आणि त्यातल्या दोन किरकोळ आहेत.

कोपऱ्यातल्या सूचनांचं बघा. पुढची सूचना आली की तिच्यावर क्लिक न करता नीट वाचा. बारीक अक्षरात ब्राउझरचं नाव दिसेल आणि त्याखाली कुठल्यातरी अनोळखी साइटचा पत्ता. विंडोजची स्वतःची सूचना असेल तर तिथे ‘विंडोज सिक्युरिटी’ असं लिहिलेलं असतं. म्हणजे हे इशारे एका साइटने ब्राउझरकरवी पाठवलेल्या जाहिराती आहेत. कधीतरी एखाद्या पानाने ‘तुम्ही रोबॉट नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाऊ दाबा’ असं म्हटलं आणि घरातल्या कोणीतरी ते दाबलं. त्याने सूचना पाठवायची परवानगी मिळाली, बाकी काही झालं नाही. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, त्यात साइट सेटिंग्ज, त्यात नोटिफिकेशन्स. तिथे परवानगी असलेल्या साइटींची यादी असते. ओळखीची नसेल ती प्रत्येक साइट काढून टाका. बहुतेक वेळा एवढ्यावर तो त्रास थांबतो.

फक्त त्या सूचनेवर कोणी क्लिक केलं होतं का, ते विचारा. क्लिक केल्यावर बऱ्याचदा पूर्ण स्क्रीनभर पान उघडतं, भोंगा वाजतो आणि ‘मायक्रोसॉफ्टला फोन करा’ म्हणून नंबर दिलेला असतो. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एरर मेसेजमध्ये फोन नंबर कधीच नसतो, हे कंपनीनेच सांगून ठेवलं आहे. पान बंद होत नसेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि ब्राउझर बंद करा. पण कोणी त्या नंबरवर फोन केला असेल आणि पलीकडच्या माणसाला एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअरवरून लॅपटॉपचा ताबा दिला असेल, तर गोष्ट वेगळी. ही ॲप मुळात चांगली आहेत, मी रोज वापरते. पण अनोळखी माणूस अर्धा तास तुमच्या संगणकात बसून होता, त्या अर्ध्या तासात त्याने काय काय केलं ते मागाहून कोणीही खात्रीने सांगू शकत नाही. मग खाली फॉरमॅटबद्दल लिहिलंय ते थेट लागू.

दुसरं, सर्च भलतीकडे जाणं. हे जवळजवळ नेहमी ब्राउझरच्या एक्सटेन्शनचं काम असतं: एखादं पीडीएफ बदलून देणारं, कूपन शोधणारं, व्हिडिओ उतरवणारं. एक्सटेन्शनची यादी उघडा आणि जे स्वतः आठवून घातलेलं नाही ते काढा. इथे लोक हमखास चिडतात, कारण काढलेलं एक्सटेन्शन दुसऱ्या दिवशी परत येतं. त्याचं कारण बहुधा सिंक असतं. ब्राउझर तुमच्या खात्याशी जोडलेला असतो, एक्सटेन्शनची यादी खात्यात साठवलेली असते. दुसऱ्या एखाद्या संगणकावर त्याच खात्यात ते शिल्लक असेल, तर तिथून ते इकडे उतरतं. म्हणून आधी सिंक बंद करायचं आणि मग त्या खात्याने जिथे जिथे ब्राउझर उघडला आहे त्या प्रत्येक संगणकावरून ते काढायचं.

एक्सटेन्शनसमोर ‘रिमूव्ह’चं बटणच नसेल किंवा ब्राउझरच्या मेनूच्या तळाशी ‘मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन’ असं दिसत असेल, तर कान टवकारा. ऑफिसच्या लॅपटॉपवर ती ओळ असणारच, ते स्वाभाविक आहे. घरच्या खाजगी लॅपटॉपवर ती दिसली तर एखाद्या प्रोग्रॅमने ब्राउझरचं धोरण स्वतःच्या सोयीने बदललेलं असण्याची दाट शक्यता असते. (काही अँटिव्हायरससुद्धा तसं करतात, म्हणून ‘शक्यता’ म्हणते.) विंडोजच्या नेटवर्क सेटिंग्जमध्ये प्रॉक्सी (इंटरनेट दुसऱ्याच संगणकामार्फत वळवणारी सोय) आपोआप चालू झाली आहे का, तेही बघून घ्या. घरातल्या मोबाइलवरही, त्याच वाय-फायवर, सर्च असंच पळत असेल तर मात्र लॅपटॉप सोडा आणि राउटर बघा. साइटचं नाव टाकल्यावर तिचा खरा पत्ता शोधून देणाऱ्या सर्व्हरला डीएनएस म्हणतात. राउटरमधले डीएनएसचे पत्ते बदलून अख्ख्या घराचं इंटरनेट वळवणं ही जुनी युक्ती आहे. २०११ मध्ये एफबीआयने डीएनएसचेंजर नावाचा असाच घातक प्रोग्रॅम चालवणारी टोळी पकडली, तेव्हा जगभरातले सुमारे ४० लाख संगणक तिच्या सर्व्हरांवर अवलंबून होते. ते सर्व्हर एकदम बंद केले तर त्या सगळ्यांचं इंटरनेट जाईल, म्हणून जुलै २०१२ पर्यंत त्या जागी चांगले सर्व्हर चालवावे लागले.

तिसरं लक्षण, ट्रोजन. खरी काळजी याची.

‘परत येतो’ याचे अर्थ बरेच निघतात आणि कुठला खरा ते लॅपटॉपच सांगतो. विंडोज सिक्युरिटी उघडा, त्यात ‘प्रोटेक्शन हिस्टरी’. त्या ट्रोजनच्या प्रत्येक नोंदीवर क्लिक करून दोन गोष्टी कागदावर लिहून घ्या: नेमकी वेळ आणि ‘अफेक्टेड आयटम्स’खाली दिलेला फाइलचा संपूर्ण पत्ता. सगळे व्हायरसच्या नावाकडे बघत बसतात. मला नावापेक्षा पत्ता जास्त सांगतो. पत्ता डाउनलोड्स फोल्डरातल्या झिपचा असेल तर ती फाइल नुसती पडून आहे. स्कॅन तिच्यावरून गेला की इशारा देतो. ब्राउझरच्या कॅशमधला असेल तर बऱ्याचदा पान उघडतानाच अडवलेलं असतं, काही चाललेलं नसतं. पत्ता ॲपडेटा, टेम्प किंवा प्रोग्रॅमडेटा यांच्या आत, अक्षरांची कशीही जुळवणी करून ठेवलेल्या फोल्डरातला असेल, तर कुठल्यातरी प्रोग्रॅमने ती फाइल तिथे मुद्दाम आणून ठेवली आहे. आणि वेळा जुळत असतील, म्हणजे रोज लॉगिन झाल्यावर दोन-तीन मिनिटांनी किंवा दर तासाला त्याच ठोक्याला इशारा येत असेल, तर टास्क शेड्यूलरमध्ये (ठरल्या वेळी प्रोग्रॅम चालवणारी विंडोजची सोय) किंवा स्टार्टअपमध्ये एक नोंद बसली आहे. डिफेंडर फाइल पुसतो, ती नोंद फाइल पुन्हा उतरवते. तुम्ही रोज पिल्लू मारताय, आई तशीच आहे.

नावाबद्दल एवढंच, की शेवटी उद्गारचिन्ह आणि पुढे ‘एमएल’ ही अक्षरं असतील तर तो मशीन लर्निंगने केलेला अंदाज असतो. असे अंदाज कधी कधी निरुपद्रवी फाइलीवरही येतात. पण तुमच्या बाबतीत मी तो फायदा देणार नाही, कारण मुलाने अँटिव्हायरस बंद करून काहीतरी चालवलं आहे.

मुलाशी बोला, आणि न रागावता बोला. ओरडलात तर तो ‘मी काहीच केलं नाही’ म्हणेल आणि सगळ्यात कामाची माहिती तिथेच संपेल. विचारायचं हे: फाइल कुठून आली? झिपला पासवर्ड होता का? आतली फाइल डबल क्लिक केली का? ‘यस’ म्हणून परवानगी दिली का? केल्यावर काही उघडलं, की ‘काहीच झालं नाही’? यातलं शेवटचं उत्तर मला सगळ्यात वाईट वाटतं. सेटअप चालवला आणि काहीच घडलं नाही, असं मुलं सांगतात, तेव्हा बहुतेक वेळा जे व्हायचं ते पडद्याआड होऊन गेलेलं असतं. झिपचा पासवर्ड विचारायचं कारण असं, की पासवर्ड लावलेल्या झिपच्या आत अँटिव्हायरसला डोकावता येत नाही. पासवर्ड त्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहिलेला असतो आणि खाली सूचना: ‘चुकीचा इशारा येतो, म्हणून अँटिव्हायरस बंद करा.’ काही प्रामाणिक मॉडना खरोखरच चुकीचे इशारे येतात. चोर नेमका त्याच सबबीच्या आड लपतो.

आणखी एक ठिकाण बघा, दोन मिनिटांचं काम आहे. विंडोजचं बटण आणि ‘आर’ एकत्र दाबा. ‘रन’ची छोटी चौकट उघडेल. त्यात काहीही न लिहिता खाली जाणारा बाण दाबा. आजवर तिथे चालवलेल्या आज्ञा दिसतील. फक्त वाचा, एंटर दाबू नका. बहुतेक घरच्या लॅपटॉपवर ती यादी रिकामी असते. तिथे ‘पॉवरशेल’ किंवा ‘एमएसएचटीए’ने सुरू होणारी लांबलचक ओळ असेल आणि शेवटी ‘आय ॲम नॉट अ रोबॉट’सारखं काही लिहिलेलं असेल, तर प्रश्न मिटला: तुमच्या घरात कोणीतरी बनावट कॅप्चाला फसलं आहे. तो प्रकार असा चालतो. पान म्हणतं, पडताळणीसाठी विंडोज आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. पानाने आधीच क्लिपबोर्डमध्ये आज्ञा भरून ठेवलेली असते. चौकट अरुंद, त्यामुळे ओळीचं फक्त निरागस शेपूट दिसतं. माणूस स्वतःच्या हाताने चोराला आत घेतो. २०२४ पासून हा प्रकार फार बोकाळला आहे, आणि यात फाइल उतरवावी लागत नाही, म्हणून ‘मी तर काहीच डाउनलोड केलं नाही’ हे लोकांचं म्हणणं अगदी खरं असतं.

अशा वाटांनी हल्ली बहुतेक काय येतं? पूर्वीसारखा फाइली खाणारा व्हायरस क्वचित. येतात ते माहितीचोर. ब्राउझरमधले सेव्ह केलेले पासवर्ड, कार्डांचे तपशील, कुकीज, क्रिप्टो वॉलेट, डेस्कटॉपवरच्या मजकुराच्या फाइली, असं सगळं गोळा करून पाठवून देतात. यातले काही काम उरकल्यावर स्वतःला पुसून टाकतात. ही टोकाची गोष्ट नव्हे. मे २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने आणि अनेक देशांच्या तपास यंत्रणांनी मिळून लुमा नावाच्या अशाच एका माहितीचोराची सुमारे २,३०० डोमेन बंद पाडली, तेव्हा त्याआधीच्या दोन महिन्यांतच ३ लाख ९४ हजारांहून अधिक विंडोज संगणकांत तो आढळल्याचं मायक्रोसॉफ्टने सांगितलं. म्हणून ‘स्कॅन क्लीन आला’ यावर समाधान मानू नका. स्कॅन आज संगणकात काय आहे ते सांगतो. परवा बाहेर काय गेलं, ते त्याला माहीत नसतं.

यात कुकीजचं प्रकरण लोकांच्या लक्षात येत नाही, म्हणून जरा थांबते. नाट्यगृहात तिकीट दाखवून आत गेल्यावर हातावर शिक्का मारतात. मध्यंतरात बाहेर जाऊन आलात तर कोणी तिकीट मागत नाही, शिक्का बघून सोडतात. लॉगिन झाल्यावर साइट ब्राउझरला असाच शिक्का देते. चोराने तो शिक्का उचलला की त्याला पासवर्ड लागत नाही आणि ओटीपीही लागत नाही, कारण दोन्हींची तपासणी आधीच झालेली असते. म्हणून ‘माझ्याकडे ओटीपी चालू आहे, मला काय होणार’ हा दिलासा इथे पुरत नाही. नुसता पासवर्ड बदलूनही सगळ्याच सेवा जुने शिक्के रद्द करत नाहीत. ‘सगळ्या उपकरणांवरून साइन आउट’ हे वेगळं करावं लागतं.

तर खात्यांचं काम असं करा, आणि ते मोबाइलवरून किंवा दुसऱ्या स्वच्छ संगणकावरून. पहिलं खातं मुख्य ईमेलचं, कारण बाकी प्रत्येक खात्याचा ‘पासवर्ड विसरलात?’वाला दुवा तिथेच येतो. नवा पासवर्ड, सगळीकडून साइन आउट, दोन टप्प्यांची पडताळणी चालू. मग रिकव्हरीचा फोन नंबर आणि दुसरा ईमेल तुमचाच आहे ना, ते बघा. आणि जे जवळजवळ कोणी बघत नाही ते: मेलचे फिल्टर आणि फॉरवर्डिंग. शिरलेला माणूस तिथे एक नियम लावून ठेवतो, की बँकेकडून आलेले मेल अमुक पत्त्यावर पाठव आणि इनबॉक्समधून पुसून टाक. पासवर्ड बदलला तरी तो नियम तसाच राहतो, आणि महिनाभर मालकाला बँकेचा एकही मेल का आला नाही याचा पत्ता लागत नाही. खात्याला जोडलेली तिऱ्हाईत ॲपही तपासा.

त्यानंतर बँक. नेट बँकिंगचा पासवर्ड बदला, आणि कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर फोन करून काय झालं ते सांगा. सर्चमधून मिळालेला नंबर नको, विशेषतः तुमचा सर्च सध्या ज्या अवस्थेत आहे ते बघता. ब्राउझरमध्ये कार्ड सेव्ह असेल तर ते बदलून घेणं बरं. मग खरेदीची खाती, सोशल मीडिया, मुलाचं स्टीम आणि डिस्कॉर्ड (चोरांना ही फार आवडतात, तिथून मित्रांना तोच मॉड पाठवता येतो). व्हॉट्सॲपमध्ये ‘लिंक्ड डिव्हायसेस’ उघडा आणि त्या लॅपटॉपसकट सगळ्या जोडण्या तोडा. क्रिप्टो वॉलेट असेल आणि त्याचे बीजशब्द (ज्यांनी ते वॉलेट कुठेही उघडता येतं ते शब्द) लॅपटॉपवर कुठेही लिहिलेले असतील, तर तिथे पासवर्ड बदलून उपयोग नाही. नवं वॉलेट काढून रक्कम हलवावी लागते. डेस्कटॉपवर ‘पासवर्ड’ नावाची फाइल किंवा ओळखपत्रांचे स्कॅन असतील तर ते गेले असं धरून चाला.

हे झाल्यावर लॅपटॉप. डिफेंडरच्या ‘एक्सक्लूजन्स’च्या यादीपासून सुरुवात करा. व्हायरस ॲण्ड थ्रेट प्रोटेक्शनच्या सेटिंग्जमध्ये तळाशी ती असते. ‘हे तपासू नकोस’ असं सांगितलेल्या जागांची ती यादी. घरच्या लॅपटॉपवर ती रिकामी असायला हवी. तिथे अख्खा सी ड्राइव्ह किंवा ॲपडेटा फोल्डर नोंदवलेला दिसला, तर तुमचे आजवरचे सगळे ‘क्लीन’ स्कॅन डोळ्यांवर पट्टी बांधून झालेले आहेत. नोंद काढा, आणि ती घालणाऱ्याने प्रशासकाचे अधिकार मिळवले होते हे लक्षात ठेवा, पुढच्या निर्णयाला लागेल.

मग डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन चालवा. लॅपटॉप रीस्टार्ट होऊन विंडोज पूर्ण सुरू होण्याआधीच हा स्कॅन होतो, त्यामुळे चालू विंडोजमध्ये लपून बसणाऱ्याला लपायला जागा कमी मिळते. साधारण पंधरा मिनिटं लागतात. आधी बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) रिकव्हरी की, म्हणजे ते कुलूप उघडणारा लांबलचक आकडा, हाताशी ठेवा. काही लॅपटॉप अशा वेळी ती मागतात आणि मग रात्री अकरा वाजता शोधाशोध सुरू होते. दुसरं मत म्हणून मायक्रोसॉफ्टचं सेफ्टी स्कॅनर किंवा मालवेअरबाइट्सचं फुकट स्कॅनर स्वच्छ संगणकावर उतरवून पेनड्राइव्हने आणा. सेफ्टी स्कॅनर उतरवल्यापासून दहा दिवसच चालतं, जुनं पडून असलेलं वापरू नका. सतत पहारा देणारी दोन अँटिव्हायरस मात्र एकाच वेळी घालू नका. ती एकमेकांच्या पायात पाय घालतात. हौस असेल तर मायक्रोसॉफ्टच्याच साइटवर मिळणारं ऑटोरन्स उघडा, मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवा आणि काय उरतं ते बघा. विंडोजबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या सगळ्या गोष्टी तिथे एका जागी दिसतात. आधी म्हटलेली ‘आई’ सापडली तर बहुधा तिथेच सापडेल.

इथवरचा क्रम पुन्हा एकदा: इंटरनेट तोडलं, मुलाला विचारलं, हिस्टरीतला पत्ता आणि वेळ लिहिली, दुसऱ्या उपकरणावरून खाती सुरक्षित केली, मग लॅपटॉप तपासला. आता फॉरमॅट.

हे परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि कुठल्या परिस्थितीवर ते सांगते. फक्त सूचना आणि पळणारा सर्च एवढंच असतं, तर मी फॉरमॅट करू नका म्हटलं असतं. ट्रोजन डाउनलोड्समधल्या झिपमध्येच सापडला असेल, मुलगा ‘उघडलीच नाही’ म्हणत असेल, ‘रन’ची यादी आणि एक्सक्लूजन्स दोन्ही रिकामी असतील, तरीही झिप पुसून, ऑफलाइन स्कॅन करून मी पुढे गेले असते. पण फाइल चालली असेल, ‘यस’ म्हटलं गेलं असेल किंवा एक्सक्लूजनची नोंद सापडली असेल, तर पुसा. प्रशासकाचे अधिकार मिळालेल्या प्रोग्रॅमने काय काय बदललं याची यादी कोणाकडेच नसते. चार गोष्टी सापडल्या म्हणजे चारच होत्या असं होत नाही. पाचवी शोधण्यात जेवढा वेळ जातो, त्यापेक्षा कमी वेळात विंडोज नव्याने चढतं. तुमचं वर्णन वाचून माझा कल पुसण्याकडे आहे.

आधी बॅकअप. फोटो, कागदपत्रं, व्हिडिओ एवढंच घ्या. प्रोग्रॅम, सेटअप, क्रॅक, मॉड, झिप, शॉर्टकट यातलं काही नको. फाइल एक्सप्लोररमध्ये फाइलींची पूर्ण नावं दाखवणारा पर्याय चालू करा, म्हणजे ‘फोटो’ असं नाव आणि फोटोचं चिन्ह घेऊन बसलेली ‘ईएक्सई’ फाइल ओळखू येईल. मग दुसऱ्या संगणकावर मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल वापरून किमान ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोज तयार करा, त्यावरून लॅपटॉप सुरू करा आणि इन्स्टॉल करताना त्या डिस्कवरचे सगळे भाग पुसून नव्याने चढवा. दुसरा संगणक नसेल तर ‘रीसेट धिस पीसी’मधलं ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ आणि ‘क्लाउड डाउनलोड’ घ्या. ‘कीप माय फाइल्स’ नको, आणि सिस्टिम रिस्टोअर हा यावरचा उपाय नव्हे. लॅपटॉपवर विंडोज आधीच ॲक्टिव्हेट असेल तर परवाना सहसा हार्डवेअरशी जोडलेला असतो, इंटरनेट जोडल्यावर आपोआप लागतो. फॉरमॅटनंतरही टिकणारे, मदरबोर्डच्या चिपमध्ये बसणारे प्रकार असतात. २०१८ मध्ये ईसेटच्या संशोधकांनी लोजॅक्स नावाचा एक उघडकीला आणला. पण ते निवडक सरकारी संस्थांवर सोडलेलं हत्यार होतं. गेमच्या मॉडमधून ते तुमच्या घरी येईल या भीतीने झोप घालवू नका.

अँटिव्हायरस विकत घेण्याबद्दल: घेतलंत तर बिघडणार नाही, पण तुमचं दुखणं ते नाही. डिफेंडर घरच्या वापराला पुरेसा आहे, आणि महागातलं अँटिव्हायरससुद्धा बंद केल्यावर तेवढंच आंधळं होतं. त्यापेक्षा नव्या विंडोजमध्ये मुलाला प्रशासक नसलेलं, साधं वेगळं खातं द्या आणि प्रशासकाचा पासवर्ड तुमच्याकडे ठेवा. मग काही घालताना ‘यस’ म्हणायला तुम्हाला बोलवावं लागेल. कटकट वाढेल, पण डिफेंडर परस्पर बंद करणं त्याला जमणार नाही. माहितीचोराला साध्या खात्यातले पासवर्डही पुरतात, म्हणून तुमचं आणि बँकेचं काम त्या खात्यात अजिबात नको. नवा ब्राउझर खात्याला जोडण्याआधी त्या खात्यातून जुनी एक्सटेन्शन गेली आहेत याची खात्री करा, नाहीतर स्वच्छ लॅपटॉपवर पहिल्याच दिवशी तो पळणारा सर्च हजर होईल.

पुढचे काही महिने बँकेचे संदेश लक्ष देऊन वाचा. चोरलेली माहिती लगेच वापरली जातेच असं नाही. ती गठ्ठ्याने विकली जाते आणि विकत घेणारा सवडीने वापरतो. त्यातून एखादा मेल येऊ शकतो: ‘तुमचा पासवर्ड हा, कॅमेऱ्यातून तुमचं चित्रण केलं आहे, पैसे पाठवा.’ पासवर्ड खरा असेल, म्हणून धस्स होईल. तो चोरलेल्या यादीतून उचललेला असतो, आणि चित्रण जवळजवळ नेहमीच थाप असते. तो पासवर्ड अजून कुठे चालू असेल तर बदला, मेलला उत्तर देऊ नका, पैसे पाठवू नका.